डावीकडचा रिकामा कोपरा

आमच्या ह्यांना आता एकच बोलता येतं. ‘बरं का.’

भूक लागली, बरं का. पाठ खाजतेय, बरं का. बातम्यांत कुणी पुढारी थापा मारायला लागला की खुर्चीवरून उसळून, ‘बरं का!’ आणि संध्याकाळी गॅलरीत बसून अजिंक्यताऱ्याकडं बघताना अगदी हळू, स्वतःशीच, ‘बरं का...’ अडीच वर्षांत मी त्याचे सतरा प्रकार ओळखायला शिकले. मी संख्याशास्त्राची बाई, मोजायची खोड काही जात नाही.

हे म्हणजे विलास काटकर. सातारा-सांगलीकडच्या माणसांना नाव सांगायची गरज नाही. शाळेत पीटीचे मास्तर, पण खरी ओळख कुस्तीचे निवेदक म्हणून. जत्रेचं मैदान भरलं की माइक यांच्याच हातात. पैलवानाचं गाव, त्याचा वस्ताद, त्याच्या आजोबानं कुणाला कधी चितपट केलं होतं, सगळं तोंडपाठ. पाच-पाच तास बोलायचे. ‘बरं का मंडळी, डाव बघा, डाव!’ घरी यायचे तेव्हा घसा पार बसलेला असायचा, आणि त्या बसलेल्या आवाजात दारातूनच हाक, ‘वैजू, चहा टाक गं.’ मी वैजयंती. मला वैजू म्हणणारं माणूस जगात तेवढं एकच.

२०३८ च्या डिसेंबरात त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला, दोन-तीन महिन्यांत चालायलाही लागले, पण शब्द गेले. आपण बोललेलं सगळं कळतं. हसायच्या ठिकाणी हसतात, रागवायच्या ठिकाणी रागावतात. फक्त स्वतःचा शब्द तोंडाशी येत नाही, आणि लिहायला जावं तर बोटांतही येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, २०४१ साल उजाडलं, यंत्रं काय झोपा काढत होती? नव्हती काढत. माझ्या नणंदेनं, शकूवन्संनी, एक बोलणारी डबी आणून दिली होती. जुन्या मैदानांच्या रेकॉर्डिंगवरून त्या डबीनं यांचा आवाज शिकून घेतला होता. यांच्या डोळ्यांकडं, हातांकडं बघायची, यांना काय हवंय ते ओळखायची आणि यांच्या आवाजात बोलायची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, ‘वैजू, चहा टाक गं.’ माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. पण यांना चहा नको होता, पाणी हवं होतं. यांनी डाव्या हातानं डबी उचलली आणि गॅलरीतून खाली भिरकावली. बरोबरच केलं. आवाज त्यांचा होता, म्हणणं त्यांचं नव्हतं.

मला त्यांच्या स्वतःच्या तोंडून हाक हवी होती. एकदाच. साठी उलटलेल्या बाईनं असं काही मागू नये म्हणतात. मी मागत होते, आणि अजूनही मागते.

त्यातच वाकोरिन आलं.

वाकोरिन म्हणजे एक गोळी. मेंदूचा जो भाग शाबूत राहिलेला असतो त्याला ती काही आठवडे लहान मुलाच्या मेंदूसारखं शिकाऊ करते, असं म्हणत. गोळी घ्यायची आणि रोज शब्दांचा सराव करायचा. तपासणी सोपी: वीस चित्रांची कार्डं दाखवायची, किती नावं सांगितली ते मोजायचं. या गोळीवर जगभरात अकरा छोटे छोटे अभ्यास छापून आले होते आणि अकराच्या अकरा म्हणत होते, गुण येतो. सरासरी पाच कार्डं जास्त. पाच कार्डं म्हणजे काय ते ज्याच्या घरी शून्य आहे त्यालाच विचारा.

ही गोळी राज्याच्या यादीत घ्यायची की नाही, ते आमचं औषध पडताळणी मंडळ ठरवणार होतं. यादीत नाव नसलं तर इथला कुठलाही डॉक्टर ती लिहून देऊ शकत नाही. आणि मंडळाची संख्याशास्त्रज्ञ कोण? तर मी.

मी पहिल्याच बैठकीत स्क्रीनवर डॉ. हुपरीकरांना सांगितलं, “मॅडम, माझ्या घरीच पेशंट आहे. मला यातून काढा.”

हुपरीकर बाई आमच्या अध्यक्ष, पुण्याच्या. चष्मा डोक्यावर सरकवून म्हणाल्या, “काटकर, स्ट्रोक कुणाच्या घरी नाही? माझे सासरे गेले त्यानंच. तसं लिहून द्या आणि काम करा. गणित ‘पोकळी’ करणार आहे, तुम्ही फक्त तपासायचं.”

‘पोकळी’ म्हणजे आमच्या मंडळाची संगणकप्रणाली. तिचं काम काय ते सांगते. फार अवघड नाही.

दहावीचा निकाल लागला की पास झालेल्यांच्या घरून पेढे येतात. नापास झालेल्याच्या घरून कोण पेढे आणतंय? आता तुम्ही नुसते पेढे मोजून निकाल ठरवायला बसलात, तर सगळं गाव पास. औषधांच्या अभ्यासांचं शंभर वर्षं हेच चाललं होतं. गुण आला की डॉक्टर मंडळी हौसेनं लिहीत, मासिकं हौसेनं छापत. काही फरक दिसला नाही की तो अभ्यास कपाटात. कुणी मुद्दाम लपवला असंही नाही. कंटाळा, लाज, ‘आता यात काय छापायचं’ एवढंच. आणि मग आमच्यासारखे लोक सगळे छापील अभ्यास गोळा करून सरासरी काढत आणि म्हणत, औषध उत्तम.

हे ओळखायची एक जुनी युक्ती आहे. प्रत्येक अभ्यासाचा एक ठिपका काढायचा. गुण जास्त तर उजवीकडं, कमी तर डावीकडं. मोठा अभ्यास वर, छोटा खाली. मोठे अभ्यास मधोमध जमतात. छोटे नशिबानं इकडंतिकडं जातात, म्हणून खाली ठिपके दोन्ही बाजूंना पसरायला हवेत, उपडं ठेवलेलं नरसाळं दिसतं ना, तसे. खालचा डावा कोपरा रिकामा दिसला तर समजायचं, इथले काही ठिपके घरीच बसलेत.

पूर्वी तिथं अंदाजानं ठिपके भरत. ‘पोकळी’ त्याच्या पुढं गेली. अभ्यास छापला नाही तरी मागे खुणा राहतातच: नीतिमत्ता समितीची परवानगी, भाग घेणाऱ्यांचा विमा, तुलनेसाठी द्यायच्या पिठाच्या खोट्या गोळ्यांची मागणी, कुठल्याशा परिषदेतल्या चार ओळी. हे सगळं चाळून ‘पोकळी’ सांगते की हरवलेला ठिपका कुठला, केवढा, आणि त्यात काय निघालं असावं. नियम असा, की नुसत्या अंदाजाला अर्धंच वजन द्यायचं. पण तपासणाऱ्यानं तीस दिवसांत खरा अभ्यास शोधून आणला तर त्याला पूर्ण वजन.

वाकोरिनसाठी ‘पोकळी’ चालवली. डाव्या कोपऱ्यात एकच मोठं भगदाड निघालं. मिरज. २०३०. चौसष्ट रुग्ण. परिणाम बहुधा शून्य. एका छोट्या ट्रस्टचा दवाखाना, आता बंद. संपर्कासाठी एकच नाव: यासीन मुल्ला, वाचा-उपचारक, निवृत्त.

मी गणित करून पाहिलं. यादीत यायला किमान तीन कार्डांचा फायदा दिसायला हवा. त्यात पुन्हा गोळीनं शंभरात चार जणांना फिट यायची, म्हणून त्याहून कमी चालणार नव्हतं. मिरजेला अर्धं वजन दिलं तर आकडा येत होता तीन पूर्णांक एक. गोळी पास. मिरजेचा अभ्यास खरोखर सापडला आणि खरोखर शून्य निघाला, तर आकडा जेमतेम सव्वादोन. गोळी नापास.

म्हणजे मी काही करायचंच नव्हतं. तीस दिवस घरी बसायचं, आणि ‘शोधलं, सापडलं नाही’ असं लिहायचं.

शकूवन्सं त्या दिवशी कोडोलीहून भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या होत्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या शाळेत चौथीपर्यंत, पण डोकं माझ्याहून तल्लख.

“म्हंजी तू मिरजंला गेली न्हाईस तर माझ्या भावाला गोळी मिळतीया?”

“हो.”

“मग कशाला तडफडतीस मिरजंला? गप बस की घरात!”

हे शेजारीच बसून शेंगा सोलत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, “बरं का?” तो प्रश्नाचा होता. सतरातला नववा.

मी गेले. धर्मराज होते म्हणून गेले असं समजू नका. मी मनाची समजूत घातली होती, की यंत्राचा अंदाजच तो, चुकतही असेल. मिरजेत कदाचित चांगलंच काही निघालं असेल, आणि मग तर बेशक पास! आशेला काय हो, तिला पाय फुटतात आणि ती आपल्यालाही घेऊन निघते.

मुल्लासरांचं घर सतारी करणाऱ्यांच्या गल्लीमागं होतं. अंगणात शेजाऱ्यांचे भोपळे वाळत घातलेले. सर सत्तरीचे, बारीक, पांढरी दाढी, बोलणं इतकं स्पष्ट की प्रत्येक अक्षर धुऊन ठेवल्यासारखं.

“बसा की बाई. अकरा वर्षं झाली, त्या अभ्यासाबद्दल विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

त्यांनी कॉटखालून पत्र्याची पेटी ओढली. आत चौसष्ट वह्या. प्रत्येक रुग्णाची एक, तारखेवार, सुवाच्य अक्षरात. बत्तीस जणांना खरी गोळी, बत्तीस जणांना पिठाची. कुणाला कुठली ते मुल्लासरांनाही शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आणि सगळ्यांचा रोज एक तास सराव, घरचं एक माणूस शेजारी बसवून.

“काय निघालं?” मी विचारलं.

“तुम्हीच बघा. तुमचं काम आहे ते.”

मी तिथंच जमिनीवर बसून बेरजा केल्या. खरी गोळी घेणारे चार कार्डांनी सुधारले होते. पिठाची घेणारेही चार कार्डांनीच. दोन्हींत फरक शून्य.

“शेवटी आमच्या डॉक्टरसाहेबांनी कुणाला कुठली गोळी ते सांगणारं पाकीट फोडलं,” मुल्लासर म्हणाले, “अन् म्हणाले, मुल्ला, काहीच निघालं नाही हो. एका मासिकाला पाठवलं. त्यांनी नवीन काही नाही म्हणून परत केलं. साहेब पुढं वारले. दवाखान्याला कुलूप लागलं, मी पेटी घरी आणली. जाळायला हात धजला नाही. काहीच झालं नाही असं कसं म्हणू बाई? दोन्हीकडं सारखंच झालं होतं.”

“मग तो गुण तुमच्या तासाचा?”

“तासाचा असंल. नुसते दिवस गेले म्हणूनही असंल. तास न घेणारे आम्ही ठेवलेच नव्हते, तेव्हा सांगता येत नाही.”

माणूस खरा होता. स्वतःच्या आयुष्यभराच्या कामाला सुद्धा त्यांनी फुकट शाबासकी दिली नाही.

मी वही मिटली आणि विचारलं, “सर, मी ही पेटी नेलीच नाही तर?”

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. “तुमच्या घरी कोण आजारी आहे?”

“मिस्टर. विलास काटकर.”

“कुस्तीवाले?” त्यांचा हात दाढीवरच थांबला. “तासगावच्या मैदानात ऐकलंय मी त्यांना. या अल्ला. तो आवाज गेला?”

मी मान हलवली आणि मग मला रडू आवरेना. परक्या घरात, परक्या माणसासमोर, ओक्साबोक्शी. मुल्लासरांनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मग पेटीतून चाळीस नंबरची वही काढून माझ्या हातात दिली.

“नेऊ नका असं मला म्हणवत नाही, न्या असंही म्हणवत नाही. एवढी वाचा अन् ठरवा.”

चाळीस नंबरचा माणूस विट्याचा, कापडदुकानदार. आला तेव्हा त्याला दोन शब्द येत होते, ‘आई’ आणि ‘नको’. खरी गोळी. सहाव्या आठवड्यात फिट आली, मग आणखी एक. शेवटच्या पानावर मुल्लासरांनी लिहिलं होतं: ‘दोन्ही शब्द गेले. पत्नी विचारते, असं होऊ शकतं हे कुणी आधी सांगितलं का नाही.’

मला आमचं ‘बरं का’ आठवलं. सतरा प्रकार. ते गेले तर घरात काय उरणार होतं? आणि माझ्या घरचं राहू द्या, महाराष्ट्रात अशी हजारो घरं, प्रत्येकात एकदोन शब्द जिवापाड जपून ठेवलेले. मी पेटी उचलली. मुल्लासर रिक्षापर्यंत सोडायला आले.

पुढच्या आठवड्यात ठिपका भरला गेला. आकडा आला दोन पूर्णांक दोन. हुपरीकर बाईंनी स्क्रीनवर आकडा पाहिला. मग म्हणाल्या, “काटकर, सही मी दुसऱ्या कुणाकडून घेऊ का?” मी म्हटलं, “नको, मीच करते.” आणि केली.

यांना सांगायला मात्र तोंड नव्हतं. दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी समोर बसले आणि सांगून टाकलं. “अहो, ती गोळी येणार नाही. तिचा उपयोग नाही. आणि नाही म्हणणारी मीच आहे.”

ते माझ्याकडं बघत राहिले. मग तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसले. त्या दिवशी ‘बरं का’ नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सलग आठ दिवस घरात यांचा आवाज नाही. माझी सही अशी माझ्याच घरात येऊन बसली होती. शकूवन्सं फोनवर म्हणाल्या, “भावाच्या तोंडातला घास काढलास गं वैजयंते,” आणि फोन ठेवून दिला.

नवव्या दिवशी सकाळी दहा वाजता मी वीस कार्डं घेऊन यांच्यासमोर बसले. म्हटलं, “गोळी नाही तर नाही. मुल्लासरांचा तास आहे. त्याचा उपयोग होतो की नाही, कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. बसता का?”

मग एकदाचं आलं, कुरकुरत का होईना, “बरं का.” मी उठून स्वयंपाकघरात गेले, डोळ्यांवर पाणी मारलं आणि परत आले.

मंडळाची एक खुली नोंदवही आहे. घरी एका माणसावर काही करून पाहायचं असेल तरी त्यात आधी नोंदवायचं: काय करणार, किती दिवस, कसं मोजणार. एकदा नोंदवलं की निकाल काहीही लागो, तो पाठवावाच लागतो आणि सगळ्यांना वाचता येतो. मी नोंदवलं. रोज एक तास. सोळा आठवडे. दर शनिवारी वीस कार्डं. सोळाव्या शनिवारचा आकडा तोच निकाल. सुरुवातीचा आकडा: एक. कार्ड समोर धरलं की ‘गाय’ तेवढी कधीमधी यायची.

चमचा, छत्री, बैल, कंदील. पहिले आठ शनिवार एक, शून्य, एक, एक असेच गेले. मी तासभर बोलायची, हे घाम पुसत ऐकायचे. कधी चिडून कार्डं उधळायचे, मी गोळा करायची. कधी मी चिडायची, मग हे गोळा करायचे.

नवव्या शनिवारी यांनी गाय म्हटलं. मग छत्री. मग बैल. आणि मग, बापरे, ‘लंगोट’! कार्डावर लंगोट नव्हता, टॉवेल होता, पण पैलवानांत आयुष्य काढलेल्या माणसाला टॉवेल काय नि लंगोट काय. नियमानं तीनच धरायला हवे होते. मी चार लिहिले. हातच थांबला नाही. दुपारभर मी घरात नाचत होते. शकूवन्संना फोन केला, तर त्या राग विसरून पुढच्या एसटीनं दारात हजर.

“आता पाठीव,” त्या म्हणाल्या. “लिही, तासानं गुण येतो. एकाचं चार झालं म्हणावं.”

“अजून सात आठवडे आहेत, वन्सं.”

“आगं, चांगलं चाललंय तवर थांबावं. मैदानातबी जिंकल्यावर पैलवान पुन्हा उतरतो व्हय?”

त्यांचं म्हणणं मला इतकं पटत होतं म्हणून सांगू! मी नोंदवही उघडलीसुद्धा. सगळ्या जगाला सांगावंसं वाटत होतं, की माझा नवरा बोलायला लागलाय. यात कसलं पाप? आणि तेव्हा कळलं, त्या अकरा अभ्यासांतल्या लोकांना काय झालं असेल ते. तीस वर्षं मी त्यांना नावं ठेवली होती. खोटं कुणीच बोललं नसेल. आनंद झाला त्या दिवशी त्यांनी लिहून टाकलं असेल, बस. मी चार खोडून तीन केले आणि नोंदवही मिटली.

दहाव्या शनिवारी दोन. अकराव्याला एक. मग एक, शून्य, एक, एक. सोळाव्या शनिवारी हे फक्त ‘गाय’ म्हणाले, आणि तेही बैलाच्या कार्डाला आधी म्हणून मग मान हलवून गाईला. एक धरला.

मी लिहिलं: ‘रुग्ण एक. सोळा आठवडे. रोज एक तास. सुरुवातीला एक, शेवटी एक. फरक नाही.’ आणि खाली सूचना लिहायची जागा होती तिथं लिहिलं: ‘अभ्यास संपला. तास चालू आहे.’ पाठवलं आणि पदर तोंडात धरून बसले. हाक येणार नव्हती. आता ते मला आकड्यांत माहीत होतं.

दहाएक दिवसांनी, सकाळचा तास चालू असताना, फोन आला. अनोळखी बाई. आवाज मराठवाड्यातला.

“काटकरताई का? मी छाया मगर, कळमनुरीहून बोलते, हिंगोली जिल्हा. तुमचं ते नोंदवहीतलं वाचलं. पोरीनं वाचून दाखवलं.”

मला वाटलं, काहीतरी सल्ला विचारणार. मी म्हटलं, “अहो, पण त्यात काही निघालं नाही. फरक नाही असंच लिहिलंय मी.”

“तेच तर,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. “ताई, तीन वर्षं झाली, मी बी रोज घेऊन बसते यांना. कार्डं, फोटो, भांडी, सगळं. सगळीकडं लिव्हलेलं असतंय, अमक्याचा नवरा बोलला, तमकीचा बाप गाणं म्हणला. माझे काहीच बोलंनात. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. माझ्यातच कायतरी कमी हाय, मी शिकलेली नाही, मला जमंना. कुणापाशी बोलले नाही मी हे. तुमचं वाचलं अन् म्हणलं, एवढी शिकलेली बाई, तिनं सोळा आठवडे केलं, अन् तिचंबी एकाचं एकच.”

तिकडं त्या रडत होत्या, इकडं मी.

मग मी विचारलं, “तुमचे काय म्हणतात? काहीतरी म्हणत असतील ना?”

“म्हणतात की. एसटीत कंडक्टर होते. ‘पुढं चला’ म्हणतात. सारखं तेच. जेवायचं असलं तरी पुढं चला, झोपायचं असलं तरी पुढं चला.”

“आमचे ‘बरं का’ म्हणतात.”

त्या रडता रडता फसकन हसल्या. मग मलाही हसू फुटलं. हे टक लावून माझ्याकडं बघत होते. मी फोनचा स्पीकर लावला आणि म्हटलं, “मगरताई, तुमच्या ह्यांच्या कानाला लावा बरं फोन.” आणि माझा यांच्या हातात दिला.

आधी नुसता श्वास. मग तिकडून एक जाडाभरडा, दमदार आवाज आला, “पुढं चला.”

हे ताठ बसले. फोन माइकसारखा धरला. “बरं का!”

“पुढं चला, पुढं चला.”

“बरं का, बरं का... बरं का?”

“पुढं चला!” आणि तिकडं ते गृहस्थ खो खो हसले.

दहा मिनिटं दोघं बोलत होते. हे हातवारे करत होते, भुवया उडवत होते, आवाज चढवत होते, एकदम खाली आणत होते. मैदानात शेवटची कुस्ती लागल्यावर लावायचे तो सूर मी अडीच वर्षांत पहिल्यांदा ऐकला. काय सांगत होते देव जाणे, पण समोरच्याला ते कळत होतं आणि यांना त्याचं. मी दाराला टेकून उभी होते. त्यात माझं नाव कुठं नव्हतं. तरी मी एक शब्द चुकू दिला नाही.